स्क्रीनवरची आक्का

आक्काचे डोळे पिवळे दिसतायत हे पहिल्यांदा माझ्या बायकोच्या लक्षात आलं. सोलापुरात सिद्धेश्वराची, गड्ड्याची जत्रा चालू होती. आक्का आणि दाजी दरवर्षीसारखे मंद्रूपहून आमच्याकडे येऊन उतरले होते. दुपारी जेवायला बसल्यावर खिडकीतला उजेड आक्काच्या तोंडावर पडला आणि वाढता वाढता बायको थांबली.

"आक्का, डोळे असे का दिसतायत तुमचे?"

"कावीळ झालीया म्हनं. झाडपाल्याचं औषद चालू हाय. उतरंल की."

तिच्या ताटातली भाकरी कडेनं थोडी मोडलेली, बाकी तशीच. अंगाला खाज सुटते म्हणून दोन्ही हातांवर ओरखडे काढून घेतले होते. पोटात दुखतं का म्हणून मी विचारलं.

"दुखत काय न्हाय. पाठीत जरा भरून येतंय. वय झालं आता."

कावीळ आणि पोटात दुखत नाही. अशी न दुखणारी कावीळ कधी कधी आतल्या गाठीमुळं असते. मी डॉक्टर नाही. सोलापुरातल्या एका सेंटरमध्ये सीटी स्कॅनचं मशीन चालवतो. पण इतकी वर्षं पेशंट हाताखालून गेले की काही गोष्टींची नुसती भीती वाटायला लागते. मी दाजींना म्हटलं, "उद्या परत जायचं नाही. आक्काला आमच्या डॉक्टरांना दाखवू." दाजींनी मान हलवली. जत्रेत काय काय आलंय हे माझ्या मुलीला विचारत आक्का भाकरी चिवडत राहिली.

आक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मला नीट बोलताही येत नव्हतं. आमचं मूळ गाव बार्शीकडचं. वडील ट्रकवर, घरी कधी येतील याचा भरवसा नाही. आक्कानं शाळा सोडली आणि मला वाढवलं. तिचं लग्न ठरलं तेव्हा बघायला आलेल्या मंडळींपुढं पोह्यांचा ट्रे ठेवून ती म्हणाली होती, "माझा भाऊ माझ्यासंगं येनार. चालत आसंल तर पुढचं बोला." मोठी माणसं एकमेकांकडं बघत राहिली. दाजी तेव्हा पोरसवदाच होते. तेच म्हणाले, "येऊ दे की. शेतावर पोरगं लागतंयच." शेतावर त्यांनी मला कधी राबवलं नाही. मंद्रूपच्या शाळेत घातलं. पुढं सोलापूरला कॉलेज, मग हा मशीनचा कोर्स. माझ्या लग्नात आईबापांच्या जागी पाटावर ही दोघंच बसली होती.

स्कॅनच्या दिवशी आक्का नवी इरकल नेसून आली. ती बदलून सेंटरचा झगा घालावा लागणार हे कळल्यावर जरा खट्टू झाली. मशीनमध्ये जाताना गळ्यातलं काढावं लागतं, तर ते तिनं काढून दाजींच्या हातात दिलं. दाजींनी ते खिशात ठेवलं नाही. स्कॅन संपेपर्यंत मुठीतच धरून बाहेरच्या बाकावर बसले.

मी काचेपलीकडच्या खोलीतून माइकवर बोलत होतो. आमच्याकडे येणाऱ्या पेशंटला त्याच्या भाषेत सांगावं लागतं. विणकरांच्या घरातला असेल तर तेलुगूत, अक्कलकोटकडचा असेल तर कन्नडमध्ये. आक्काशी बोलताना सवयीनं तोंडातून नेहमीचंच निघालं, "श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका."

टेबलावर झोपलेली आक्का हसायला लागली. तिचं पोट गदगदा हलताना दिसत होतं.

"आक्का, हसू नको, फोटो हलतोय!"

"मला घ्या म्हनतोस व्हय रं? मोट्ठा सायेब झालास की!"

सगळं पुन्हा करावं लागलं. दुसऱ्यांदा मी म्हटलं, "आक्का, दम धर." तेव्हा तिनं धरला.

चित्रं समोर यायला लागली. सीटी स्कॅनमध्ये शरीर आडव्या पातळ कापांत दिसतं, काकडीच्या चकत्यांसारखं. एकेक चकती पुढं सरकवत मी खाली येत गेलो. पित्ताशय फुगलेलं. पित्ताच्या नळ्या रुंद झालेल्या. आणि जिथं त्या नळ्या बंद पडत होत्या तिथं, स्वादुपिंडाच्या डोक्याशी, एक काळसर डाग होता. मी तिथंच थांबलो. रिपोर्ट देणाऱ्या मॅडम माझ्या मागं कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही.

"तुमची बहीण ना?"

"हो."

त्यांनी वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "सर्जनना थ्रीडी लागेल. मी दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगते."

"नको मॅडम. मीच करतो."

थ्रीडी म्हणजे त्या सगळ्या चकत्या कॉम्प्युटर परत एकावर एक रचतो. मग पडद्यावर माणसाचं आतलं शरीर उभं राहतं आणि माउसनं ते हवं तसं फिरवता येतं. आतडी काढून ठेवता येतात, हाडं पुसता येतात, नुसत्या रक्तवाहिन्या ठेवता येतात. हाडं, रक्तवाहिन्या मशीनला आपोआप ओळखू येतात. गाठ येत नाही. प्रत्येक चकतीवर तिची कड हातानं काढावी लागते आणि तिला रंग द्यावा लागतो. आमच्याकडे गाठीला पिवळा रंग द्यायची पद्धत आहे. त्या दिवशी माझ्यानं पिवळा देववला नाही. मी जांभळा दिला. कातडीचा थर मी उघडलाच नाही. इतर पेशंटांच्या वेळी त्यात काही वाटत नाही, पण ही माझी बहीण होती.

दुपारी सर्जन सर स्वतः आले. ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवण्याआधी ते असं चित्र फिरवून बघतात. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि माउस हातात घेतला. समोरून बघितलं तर आशा वाटावी असं होतं. जांभळी गाठ लहान, आणि तिच्या नि मोठ्या शिरेच्या मध्ये एक बारीक फट. मी त्या फटीकडं बघत होतो. कडा काढताना मागची बाजू मला दिसली नव्हती असं नाही. पण चकतीवर ती दर वेळी थोडीथोडीच दिसायची, आणि दर वेळी मी पुढं सरकत होतो.

"आता मागून बघू," सर म्हणाले.

आक्काचं शरीर पडद्यावर संथपणे वळलं. मणके समोर आले, सरांनी ते पुसले. आतड्यांना रक्त नेणारी लाल धमनी दिसली आणि तिच्याभोवती जांभळं. कुणाचं मनगट मुठीत घट्ट धरावं तसं. सरांनी ते मोठं केलं, खालून बघितलं, परत वरून बघितलं. फट फक्त समोरून होती.

"इथं सुरी घालायला जागा नाही," ते हळू म्हणाले. "आत्ता ऑपरेशन नाही करता येणार. आधी नळी टाकून कावीळ उतरवू. गाठीचा तुकडा तपासू. मग केमो. गाठ मागं सरली तर परत विचार करू."

"सरते का सर?"

"कधी कधी सरते," ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उठले.

बाहेर बाकावर आक्का दाजींना चहा पिऊन या म्हणून आग्रह करत होती. मी शेजारी बसलो आणि सांगवलं तेवढं सांगितलं. गाठ आहे, औषध चालू करायचं, ऑपरेशनचं नंतर बघू. दाजींनी काहीच विचारलं नाही. आक्कानं विचारलं.

"तुज्या त्या मशनीत दिसलं व्हय? मग मला दाखव की."

"बघून काय करायचंय आक्का?"

"माजंच हाय नव्हं? बघू दे."

दाजी उठले. "मला नगं," म्हणाले आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्याकडं निघून गेले.

मॅडमना विचारलं. त्या हो म्हणाल्या आणि आम्हाला खोली मोकळी करून दिली. आक्का माझ्या खुर्चीवर बसली. पदर नीट केला, एखाद्याच्या घरी पहिल्यांदा गेल्यासारखा. मी हाडांसकट पूर्ण चित्र लावलं.

"ही मी हाय व्हय?"

"व्हय."

"आगं बाई. आन ही पाट? वाकडी झाली की रं."

"ह्या वयात सगळ्यांची होते."

"ह्ये दोन काय, पावट्याच्या दान्यावानी?"

"किडन्या."

"चांगल्या हायत?"

"एकदम चांगल्या."

असं ती एकेक विचारत गेली. हे काय, ते काय, आणि चांगलं आहे का. मी चांगलं आहे म्हटलं की तिला बरं वाटायचं. अंगणात वाळत घातलेल्या धान्यावरून हात फिरवावा तशी ती बोट पडद्याच्या जरा वरून फिरवत होती. मग बोट थांबलं.

"आन मग त्ये कुटं हाय?"

मी दाखवलं.

"एवडंच?"

"एवढंच."

"मग काढत का न्हाईत?"

खोटं बोलता आलं असतं. समोरूनच दाखवत राहिलो असतो तर ती फट बघून तिचं समाधान झालं असतं. पण माझ्याकडं ती ज्या नजरेनं बघत होती, त्यापुढं ते जमलं नाही. मी चित्र वळवलं, मणके काढले आणि म्हटलं, "ही लाल शीर बघ. आतड्याला रक्त हीच नेते. गाठ काढायला गेलं तर ही तुटते."

ती बराच वेळ बघत राहिली. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला.

"धरून बसलंय म्हन की," ती म्हणाली.

"व्हय."

तिनं माझा हात बाजूला करून माउस स्वतः धरला. चित्र एकदम गर्रकन फिरलं आणि डोकं खाली पाय वर झालं. ती दचकली, मग तिला हसू आलं. "उलटं टांगलं की रं मला!" मी चित्र सरळ करून दिलं. हसू गेल्यावर ती म्हणाली, "तुजं काम मला आज कळलं बघ. मी आपली गावात सांगायची, माजा भाऊ दवाखान्यात फोटू काडतोय म्हनून."

उठताना तिनं माझं मनगट धरलं. "ह्यास्नी सांगू नगो, धरून बसलंय त्ये. औषदानं बसंल म्हनायचं. एवडंच म्हनायचं."

मी बरं म्हटलं.

नळी टाकली आणि कावीळ उतरली. डोळे पांढरे झाले तेव्हा दाजी मला म्हणाले, "बग, उतार पडला की न्हाय?" सुगी चालू होती, तरी केमोसाठी दोघं न चुकता सोलापूरला यायची. आक्का आमच्याकडे राहायची. औषध दिल्यावर पहिले काही दिवस तिला वासही सहन व्हायचा नाही, मग हळूहळू माझी बायको तिला मऊ भात, ताक असं काहीबाही भरवायची. केस गेले तेव्हा तिनं डोक्याला पदर घट्ट गुंडाळला आणि माझ्या मुलीला म्हणाली, "आता तुजी माजी येनी घालायची कटकट ग्येली." मुलगी रडत आत गेली.

उन्हाळ्यात मध्येच एक बरा काळ आला. तिला भूक लागायला लागली. एकदा तिनं आपणहून शेंगाचटणी मागितली आणि भाकरीबरोबर खाल्ली. त्या आठवड्यात मीही माणसात आलो. रस्त्यानं जाताना ओळखीच्या लोकांशी थांबून बोलायला लागलो. गाठ मागं सरली असेल, असं मला खरंच वाटायला लागलं होतं. सर कधी कधी सरते म्हणाले होते, त्यातलं ते एक कधी कधी आमच्या वाट्याला यायला काय हरकत होती?

दुसरा स्कॅन आषाढात झाला. या वेळी आक्का हसली नाही. सांगितल्याबरोबर तिनं दम धरला आणि सोडला. मी चकत्या वरून बघायला सुरुवात केली. स्वादुपिंडापर्यंत जावंच लागलं नाही. त्याच्या वर यकृतातच ठिकठिकाणी ठिपके होते, सगळीकडं पसरलेले. मॅडम आल्या, त्यांनी पाहिलं.

"थ्रीडी करायची गरज नाही," त्या म्हणाल्या.

इतक्या हळू आवाजात त्या म्हणाल्या, आणि त्यांना वाईट वाटत होतं हेही मला दिसत होतं. पण ते वाक्य मला अजून ऐकू येतं. थ्रीडी लागतं ते कुठून वाट आहे का हे शोधायला. आता वाट शोधायची नव्हती.

आक्का साडी नेसून बाहेर आली. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "आज काय बगायचं न्हाय मला. मंद्रूपला सोड. घरी जायचं हाय."

सरांनी दुसरं औषध सुचवलं, पुण्याचंही नाव काढलं. आक्का नको म्हणाली. दाजी तिच्याकडं बघत राहिले आणि तेही नको म्हणाले.

मग मीच मंद्रूपला जात राहिलो. सुट्टीच्या दिवशी, आणि मध्ये कधी लवकर सुटलो तर कामावरून थेट. दुखणं वाढलं होतं. गोळ्या दिल्या की काही तास बरे जायचे. एकदा दुपारी दाजी रानात गेले होते आणि ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. मला म्हणाली, "तुला ठावं हाय त्ये कुटं हाय. तितं हात ठिव." मी हात ठेवला. बरगडीच्या खाली, जरा मध्ये. वरून काहीच लागत नव्हतं, नुसतं हाडकुळं पोट. "आनी जरा दाब," ती म्हणाली. मी दाबला तशी तिनं डोळे मिटले. हात काढू नकोस म्हणाली. मी बसून राहिलो. हात बधिर झाला तरी तसाच ठेवला. ती झोपली.

श्रावण संपता संपता एका सकाळी ती गेली. दाजी वैरण आणायला गेले होते, शेजारची बाई जवळ होती. मला फोन आला तेव्हा मशीनमध्ये एक म्हातारे गृहस्थ होते. मी त्यांचा स्कॅन पुरा केला, त्यांना हात देऊन टेबलावरून उतरवलं, आणि निघालो. वाटेत मला काही आठवलं नाही, काही सुचलं नाही. मंद्रूपला घरापुढं जमलेली माणसं दिसली तेव्हा रडू आलं.

दिवाळीनंतर एक दिवस दाजी सेंटरमध्ये आले. येणार म्हणून सांगितलं नव्हतं. हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत सेंटरच्या पाकिटात घातलेली पहिल्या स्कॅनची सीडी.

"घरी ह्ये कशात लागत न्हाय," ते म्हणाले. "तुज्यात लागतंय नव्हं?"

"दाजी, बघवणार नाही तुम्हाला."

"तिनं बगितलं हुतं की."

दुपारची वेळ होती, पेशंट कमी होते. मी त्यांना आत नेलं. आक्का बसली होती त्याच खुर्चीवर ते बसले, पण अगदी कडेला. चित्र पडद्यावर आलं आणि त्यांनी दोन्ही हात मांड्यांवर ठेवले.

"तोंड न्हाय का दिसत?"

"नाही दाजी. पोटापुरताच काढला होता."

"हां," ते म्हणाले. मग काही वेळानं, "फिरीव."

मी फिरवलं. सगळं एकदा हळूहळू फिरून परत समोर आलं. त्यांनी जांभळ्यावर बोट ठेवलं. मी मान हलवली. मागं वळवून मी लाल शिरेला पडलेला जांभळा विळखा दाखवला, तसे ते पुढं झुकले.

"म्हंजे ह्ये पयल्यापासनंच काढता येत नव्हतं?"

"नव्हतं."

"तिला ठावं हुतं?"

"हो. मी इथंच दाखवलं होतं तिला."

दाजींनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, आणि रुमाल हातातच ठेवला. "मला म्हनायची, औषदानं बसंल. दर खेपंला ष्टीत बसलं की म्हनायची. आन मी म्हनायचो, व्हय, बसंल की." ते थांबले. "मी तिला धीर देतोय आसं मला वाटायचं बग."

मी चित्र बंद करायला गेलो तर त्यांनी हात आडवा केला. "ऱ्हाऊ दे जरा. फिरवू नगो. आशीच ऱ्हाऊ दे." आम्ही दोघं बसून राहिलो. बाहेरून कुणीतरी दार किलकिलं करून पाहिलं आणि परत लावून घेतलं.

नंतर मी सीडी काढून पाकिटात घालून दिली. जेवायला घरी चला म्हटलं तर नको म्हणाले. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. मंद्रूपची गाडी लागलेली होती. ते खिडकीजवळ बसले, पिशवी मांडीवर घेतली. मी खाली उभा होतो. घरच्या म्हशीची धार नेहमी आक्काच काढायची. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "म्हैस कशी आहे दाजी?"

"हाय की," ते म्हणाले. "पर माज्या हाताला पान्हवत न्हाय. शेजारची येती, तिलाबी न्हाय. आमी दोगं हुबं ऱ्हातोय तितं बादली घिऊन."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली, आणि गर्दीत दाजींचा खिडकीवरचा हात थोडा वेळ दिसत राहिला.